भालचंद्राला हाक

माझा आवाज मोठा आहे, हे मी वेगळं सांगायला नको. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ते ठाऊक आहे. गणपतीत मंडळाचा माइक बिघडला की कोणी नवा माइक शोधत नाही, मला पुढे ढकलतात. ऑफिसात मी कॉलवर असलो की आजूबाजूचे लोक उठून कॉफी प्यायला जातात. त्यांना कॉफी फार आवडते, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

अशा माणसाच्या घरी बहिरा प्राणी आला.

प्राणी म्हणजे फेरेट. मुंगसाच्या अंगलटीचा, पण मुंगसाइतकं गांभीर्य नसलेला. आमच्या सानिकाला कुत्रा हवा होता. ‘कुत्र्याला रोज फिरवणार कोण?’ असं विचारून मी तो विषय मिटवत आलो होतो. शेवटी तिच्या वाढदिवसाला मनाला टोचणी लागली आणि मी एकटाच जाऊन टाकून दिलेल्या फेरेटांच्या आश्रमातून एक फेरेट घेऊन आलो. तिथल्या बाईंनी त्याच्याबद्दल बरंच काही भराभर डचमध्ये सांगितलं. मी समजल्यासारखी मान डोलावत राहिलो. माझं डच मान डोलावण्यापुरतं उत्तम आहे.

त्याच्या कपाळापासून मानेपर्यंत सुरेख पांढरा पट्टा होता. म्हणून मी नाव ठरवलं, भालचंद्र. नाव ठरलं म्हणजे बारसं आलंच. युट्रेख्टहून माझी बहीण वसुधा आली. आत्याचा मान तिचा. कपड्यांच्या बास्केटला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा लावून पाळणा केला. वसुधाने झोपलेल्या भालचंद्राच्या कानाशी तोंड नेलं आणि ‘कुर्रर्र’ केलं. जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. एवढ्या गदारोळात भालचंद्र जागचा हलला नाही.

“किती शांत बाळ आहे!” वसुधा म्हणाली. “तुझ्यावर नाही गेलं.”

पुढच्या आठवड्यात लसीसाठी प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी त्याचा पांढरा पट्टा पाहिला, त्याच्यामागे किल्ल्या खुळखुळवल्या आणि सानिकाला काहीतरी सांगितलं. तिने माझ्याकडे वळून भाषांतर केलं, “बाबा, ही इज डेफ. असा स्ट्राइप असला की पुष्कळदा असतात. ऑलरेडी आश्रमात सांगितलं असेल ना तुम्हाला?”

म्हणजे ज्या खुणेवरून मी हौसेने नाव ठेवलं, ती त्याच्या बहिरेपणाची खूण होती, आणि ते नाव आम्ही समारंभपूर्वक त्याच्याच कानात सांगितलं होतं. मृणालिनी, माझी बायको, गाडीत घरापर्यंत हसत होती.

सानिकाने मात्र मनावर घेतलं आणि नियम ठरवले. लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटायचा, की थरथर जाणवून तो येतो. आला की आधी हात पुढे धरायचा, वास घेऊ द्यायचा, मग बोटावर सॅमन माशाचं तेल. मागून हात लावायचा नाही, झोपेत तर मुळीच नाही, तो दचकतो आणि चावतो. मृणालिनीही पाय आपटू लागली. मी आपटला नाही. बापमाणसाने जेवायला बोलावताना पाय आपटायचे, हे मला कसंसंच वाटलं. ‘आवाजाची होईल त्याला सवय,’ असं मी म्हणालो. बहिऱ्याला आवाजाची सवय! हे वाक्य मृणालिनी अजून पाहुण्यांना ऐकवते.

मी पाठीमागून ‘भालचंद्र!’ असं गरजायचो आणि उचलायला जायचो. तो कडकडून चावायचा. लवकरच माझी चाहूल लागली की तो सोफ्याखाली जाऊ लागला. सानिका आधीपासूनच माझ्या हाकेला दाद देत नव्हती. मी जिन्याखालून ‘सानिका, जेवायला!’ ओरडलो की वरून ‘या, या!’ असे डच होकार यायचे, पण मुलगी यायची नाही. कानात सदा हेडफोन. घरात मला टाळणारे आता दोन झाले. हसण्यावारी नेत होतो, पण मला ते लागत होतं.

मग तो गुरुवार आला. मी घरून काम करत होतो. कॉलवर बोलत बोलतच ओला कचरा बाहेर टाकायला गेलो आणि मागचं दार उघडं राहिलं. कॉल संपला तेव्हा सोफ्याखाली कोणी नव्हतं. आमच्या मागच्या बागांपलीकडे कालवा आहे. भालचंद्राला सायकलची घंटा ऐकू येत नाही, कुत्रा भुंकलेला ऐकू येत नाही. मग मला जे एकच येतं ते मी केलं. बागेत उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “भालचंद्र! ए भालचंद्र!”

बदकं उडाली. तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या तिनेकेआजी कुंपणावरून डोकावल्या.

“पण तो बहिरा आहे ना?” त्यांनी शांतपणे डचमध्ये विचारलं. एवढं डच मला समजलं.

मग त्यांनी आपल्या बागेतल्या लाकडी ओट्याकडे बोट दाखवलं. त्याच्या फळ्यांखालच्या अंधारात पांढरा पट्टा दिसला. मी धावत त्यांच्या बागेत शिरलो, तसा तो पट्टा कालव्याच्या बाजूला सरकला. तिकडून फळ्या मोकळ्या होत्या. तो मला ओळखून पळत होता. माझ्याऐवजी सानिका असती तर तो कधीच बाहेर आला असता, हे कळून मला रडूच यायला लागलं.

मी थांबलो. बूट काढले. ओट्यावर चढून दोनदा पाय आपटला. मग खाली उतरून ओल्या गवतात पालथा पडलो आणि उघडा हात फळीखाली सरकवून ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही. तिनेकेआजी कॉफीचा कप घेऊन बघत होत्या. पोट भिजलं, हात बधिर झाला. त्या हाताला तेलसुद्धा लावलेलं नव्हतं.

शेवटी बोटांना गार नाक लागलं. मागचे सगळे चावे मला आठवले, तरी मी हात हलवला नाही. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला आणि सावकाश माझ्या स्वेटरच्या बाहीत शिरला. तिथेच वळकटी करून झोपला.

सानिका शाळेतून आली तेव्हा मी सोफ्यावर ताठ बसलो होतो.

“हळू बोल,” मी कुजबुजलो. “बाहीत झोपलाय.”

“बाबा, ही इज डेफ,” तीही कुजबुजली.

रात्री मृणालिनीने पानं घेतली आणि सानिकाला हाक मारायला सांगितलं. मी जिन्याखाली उभा राहून सवयीने छाती भरून घेतली. मग श्वास सोडला, वर गेलो आणि तिच्या दाराशी दोनदा पाय आपटला. तिने वर पाहिलं. हेडफोन काढले.

“बाबा, आय ॲम नॉट डेफ.”

“माहितेय,” मी म्हणालो. “जेवायला येतेस?”

“आले,” ती म्हणाली, मराठीत, आणि माझ्याआधी जिना उतरली.