डबल बेल

आम्ही रत्नागिरीत वक्तृत्व मंडळ काढलं तेव्हा अध्यक्ष व्हायला सगळे तयार होते. वेळ पाहायचं काम मात्र कुणालाच नको होतं. ते एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी मागून घेतलं. देवघरातली घंटा घेऊन ते आले आणि खुर्ची असूनही दाराशी उभे राहिले. वेळ संपली की एक बेल. वक्ता वकील असो की पावस गावचा बागायतदार, "उतरा हो, मागे माणसं खोळंबलीत."

माझ्या पहिल्या भाषणात मी मधेच अडकलो. सुटकेच्या एका बेलसाठी मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गाडी सोडताना मारायचे तशी डबल बेल मारली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी असा बोलत सुटलो की शेवटी त्यांनाच म्हणावं लागलं, "उतरा हो."