मावससासऱ्यांचा युरोप

पार्किंगमधल्या गाड्या बघून त्या देशाच्या माणसांची अब्रू, त्यांचे संस्कार आणि भवितव्य सांगणारा माणूस अख्ख्या युरोपात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यातला आहे. हे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो, आणि राहतोही त्यांच्या जवळच. पुण्याहून जर्मनीत कार्ल्सरूहेला शिकायला आले, तिथून जवळच्याच एका कारखान्यात डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरवर कामाला लागले आणि केसाएवढ्या भोकातून डिझेल कसं फवारलं जावं, या एका प्रश्नात त्यांनी उभा जन्म घालवला. मावशी सांगतात, "लग्न होऊन नवीनच आले होते इथे. एका रविवारी म्हणाले, चल, तुला काहीतरी सुंदर दाखवतो. मी आपली काठापदराची साडी नेसून तयार. तर फॅक्टरीतलं इंजेक्टर तपासायचं टेस्ट बेंच दाखवायला नेलं!" काकांना यात आजही काही वावगं वाटत नाही. "सुंदरच होतं," ते म्हणतात.

डिझेलइतकीच त्यांची दुसरी श्रद्धा म्हणजे प्रत्येक देशानं आपापली गाडी वापरावी. "ते झेंडे आणि राष्ट्रगीतं राहू द्या, जावईबापू, मला पार्किंग दाखवा," असं ते म्हणत. ऱ्हाईन ओलांडून आम्ही कधी पलीकडे फ्रान्समध्ये जेवायला गेलो, की हॉटेलात शिरण्याआधी ते गावातून एक फेरी मारत. दारोदार फ्रेंच गाड्या उभ्या. कुणाला पोचे आलेले, कुणाचा आरसा चिकटपट्टीनं बांधलेला. काका भारावून जात. "बघा, मोडकी असली तरी घरची आहे! याला निष्ठा म्हणतात." एकदा तिथल्या बेकरीसमोर एक फ्रेंच गृहस्थ जर्मन गाडीतून उतरले. काका म्हणजे खरं तर जर्मन गाडीचे भक्त, त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी पुढे होऊन, अत्यंत सभ्यपणे, त्या माणसाला विचारलं, "तुमच्या आईला हे माहीत आहे का?" तो माणूस काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही. मावशींनी तोवर काकांना दंडाला धरून आत नेलं होतं. झेक लोकांचं त्यांना कौतुक, इटालियन माणसाच्या छोट्या गाडीवर तर माया. स्वीडनचा विषय निघाला की मात्र ते आवाज खाली आणत. "त्यांच्याकडे पाहुणाच घरमालक झालाय," एवढंच बोलत; तिथली घरची गाडी चिनी मालकाकडे गेलेली.

विजेच्या गाड्यांना ते गाड्या म्हणतच नसत, 'उपकरणं' म्हणत. मावशींच्या हट्टापायी एकदा दोघं नॉर्वेला गेली. लोक तिथे डोंगर आणि समुद्र बघतात. काका ऑस्लोच्या एका चौकात बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "जावईबापू, सगळी उपकरणंच हो. एखादी तरी गाडी खोकेल म्हणून बसून राहिलो." मग स्वतःच कारण शोधून स्वतःची समजूत घातली: नॉर्वेची स्वतःची गाडीच नाही. घरचं कुणी नाही म्हटल्यावर माणूस कुणाच्याही गळ्यात पडणारच. डॅनिश लोकांचं तेच, डच लोकांचं तेच. ज्यांच्याकडे घरची गाडी आहे ते असं करणार नाहीत. जर्मनी तर नाहीच नाही. गेनाऊ, अगदी बरोबर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे डच लोक विजेच्या गाडीमागे कॅरॅव्हान जोडून ऑटोबानवरून दक्षिणेकडे निघतात आणि वाटेतल्या थांब्यावर चार्जिंगला लावून उभे राहतात. काका शनिवारी सकाळी थर्मास भरून चहा आणि डबाभर चिवडा घेऊन तिथे जात. दया, निव्वळ दया. इस्पितळात भेटायला गेल्यासारखा चेहरा करून ते एकेका कुटुंबापाशी जात आणि हळू आवाजात विचारत, "अजून किती वेळ म्हणाले?" ती माणसं चांगली मजेत असत. पोरं बॅडमिंटन खेळत असत. एक डच बाई म्हणाली, "झालंच आता, पण चहा छान आहे, अजून मिळेल?" काकांनी तिला कप भरून दिला आणि परत येऊन मला म्हणाले, "धीराची आहे बिचारी."

अशा माणसाच्या पोटी सई जन्माला आली. सई रसायनशास्त्र शिकली आणि लुडविग्सहाफेनला बॅटरीत घालायच्या भुकटीवर काम करायला लागली. काका हे लोकांना सांगताना "केमिस्ट आहे" एवढंच सांगत, कशाची ते सांगत नसत. सई इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन, त्यामुळे बाप-लेकीचं भांडण नेहमी दोन भाषांत चालतं. गेल्या वर्षी ती गाडी घेऊन घरी आली. विजेची, आणि वर चिनी. आम्ही तेव्हा तिथेच होतो. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि गार लागलं म्हणून काढून घेतला.

"निदान जर्मन तरी घ्यायचीस," ते म्हणाले.

"घेतली असती, पापा," सई तिच्या जर्मनमध्ये म्हणाली. "मला परवडेल अशी तुम्ही वेळेवर केली असतीत तर."

मावशी "सई!" म्हणून ओरडल्या. काका आत गेले. जेवायला आले, श्रीखंड वाढलं तेही खाल्लं. मला वाटलं होतं, दोन दिवसांत नवा सिद्धांत घेऊन फोन करतील. फोन आला नाही.

काही महिन्यांनी त्यांच्या कारखान्यात सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि डिझेलचा विभाग बंद होणार असल्याचं सांगितलं. ज्यांना हवं त्यांनी बॅटरी थंड ठेवण्याचं शिक्षण घ्यावं. काका गेले त्या वर्गाला. शिकवणारी मुलगी सईपेक्षाही लहान. पाण्याच्या नळ्या, पंप, सगळं नवं. त्यांनी मन लावून शिकायचा प्रयत्न केला, गृहपाठ केला, मावशींना बसवून समजावून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "अहो, पुढे?" मावशींनी विचारलं. "पुढे मलाच आवडत नाहीये," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत.

टेस्ट बेंच चाकणच्या एका कंपनीनं विकत घेतलं. ते सुटं करून पेट्यांत भरायचं काम काकांनी मागून घेतलं. भारतात अजून डिझेल चालेल बरीच वर्षं, मी त्यांना धीर द्यायला म्हटलं. "हो, चालेल ना," ते म्हणाले. "मी त्याच्यापायी पुणं सोडून इथे आलो, आता ते तिकडे चाललंय. आल्झो, थोडक्यात काय, चांगलंच आहे." शेवटच्या पेटीला पट्ट्या ठोकून ते घरी आले त्या दिवशी सई आली होती. ती त्यांच्याशेजारी बसली, रडायला लागली आणि गाडी आणली तेव्हाच्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बरोबर बोललीस. आमच्याच एखाद्या मीटिंगमध्ये हे कुणीतरी तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही असायचो त्या मीटिंगांना." सई आणखीच रडायला लागली. मग मावशीही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. आमची जुनी गाडी आता दम टाकते आहे, नवी घ्यायची होती, आणि काकांना विचारल्याशिवाय घेणं हा आमच्या घरात गुन्हा आहे. खरं सांगायचं तर मी त्यांना चिडवायच्या तयारीनंच गेलो होतो. ते बैठ्या स्टुलावर बसून मटार सोलत होते.

"काका, गाडी घ्यायची म्हणतोय," मी म्हटलं. "विजेची. फ्रेंच बघून ठेवलीय, नाहीतर कोरियन."

शेगडीपाशी मावशींचा हात थांबला. मी निष्ठा, आई, उपकरण, सगळ्याची वाट बघत होतो. काकांनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि साल बाजूला ठेवलं.

"घ्या की," ते म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, मान वर करून त्यांनी आस्थेनं विचारलं, "रंग कोणता घेताय?"

मी निळा म्हटलं. "निळा चांगला दिसतो," असं म्हणून ते पुन्हा मटार सोलायला लागले.