नऊशे वर्षांच्या गावातलं एक साल

जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरापासून अर्ध्या तासावर, बिअरसाठी लावलेल्या हॉप्सच्या वेलींमध्ये वसलेल्या हाझेलबाख गावात नीलाचं बिऱ्हाड होतं. यशपाल, तिचा नवरा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. नीला नागपूरची, इतिहासात एम.ए.; जर्मन लिहिता येई, पण बोलणं कच्चं, म्हणून नोकरी नाही.

२०१४ साली गावाला नऊशे वर्षं होणार होती. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन ठरलं आणि गावाचे प्रमुख, बुर्गरमाइस्टर ब्रांडल यांनी मजकुराचं काम नीलाला दिलं. तिला हुरूप आला. सायकलवरून ती घरोघर फिरली. लोकांनी केक खाऊ घातले, आजोबांच्या बँडचे फोटो दिले.

गावाच्या टोकाला राहणाऱ्या वृद्ध फ्राउ लांगर यांच्याकडे फोटो नव्हते. त्या म्हणाल्या, "आम्ही सेहेचाळीसमध्ये आलो. महायुद्धानंतर शेजारच्या देशातल्या बोहेमियातून हाकललेले. जर्मनच, पण इथे परकेच. गोठ्याच्या माळ्यावर सहा जण राहायचो. शेतकरीणबाई पंपाचा दांडा काढून ठेवायची, आम्ही पाणी घेऊ नये म्हणून."

नीलाचे आजोबा गावकुसाबाहेर वाढले होते. पाण्याचं तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तिने पूर्ण एक फलक लिहिला.

समितीत तो वाचला गेला. ब्रांडल म्हणाले, "छान लिहिलंय. पण असं बघा, हा उत्सव आहे. त्या शेतकरीणबाईच्या घरातली माणसं अजून इथेच राहतात."

"फ्राउ लांगरसुद्धा इथेच राहतात," नीला म्हणाली. पुढचं बरंच बोलायचं होतं, पण राग आला की तिचे जर्मन शब्द गळून पडत. सगळे समजूतदारपणे थांबून राहिले, त्याने ती आणखीच चिडली. शेवटी फलकाची एक ओळ झाली: '१९४६: लोकसंख्येत वाढ.'

घरी यशपाल म्हणाला, "सोड ना. आपल्याला इथे राहायचंय."

"हे तू म्हणतोयस? तुझं घरही गावकुसाबाहेरचंच ना?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने ब्रांडलना कळवलं, प्रदर्शनावर माझं नाव नको. त्यांनी ते काढलं. उद्घाटनाला मात्र माइकवरून म्हणाले, "सगळं लिहिलं आमच्या नीलाने, आणि नावसुद्धा लावू दिलं नाही. इतकी विनम्र." टाळ्या झाल्या. नंतर ब्रांडलना गाठून तिने खरं कारण सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "जाऊ दे, जाऊ दे, आज नको."

पुढच्या आठवड्यात ती फ्राउ लांगरकडे गेली. म्हणाली, तुमचं सगळं नीट लिहून काढते, दुसरीकडे कुठेतरी छापू.

बाईंनी कॉफी दिली. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "तुझ्या फलकाची बातमी फुटली. बेकरीत दोघींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. मला अजून रोज ब्रेड लागतो."

नीलाने कॉफी संपवली. सायकल हातात धरून ती चढावरून चालत घरी आली.