रविवारचा उघडा कांदा

एप्रिल १९९४ चा रविवार. मी घरी न्यायच्या वर्षभराच्या कांद्याचे तीनशे रुपये ठरले होते. तिसगावजवळच्या शेतात एक ख्रिस्ती शेतकरी, त्याची बायको आणि मी होतो. रविवारी काम न करण्याचा त्यांचा नेम. काढलेला सगळा कांदा उघड्यावर होता आणि आभाळ भरून आलेलं. तो सारखा येरझाऱ्या घालत होता.

"बसा की एका जागी! चालून चालून बांध नांगराल," बायको म्हणाली.

"ताडपत्री द्या, मी झाकतो," मी म्हणालो.

"न्हाई साहेब. दारी आलेल्या परक्यानंबी आज राबायचं न्हाई, असं पवित्र शास्त्रात हाय. माझा जीवच तेवढा सुट्टी घेत न्हाई."

संध्याकाळी पाऊस पडलाच. सोमवारी मी कांदा न्यायला पुन्हा गेलो, तेव्हा तो भराभर भिजलेला कांदा वेगळा काढत होता. पैसे घ्यायलाही त्याचे हात थांबेनात, म्हणून कोरड्या कांद्याचे तीनशे रुपये मी शेवटी त्याच्या बायकोला दिले.