काळ्याच्या पोटातलं घर

छीथूकाकांना खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर येत नसे. व्हिडिओ गेमची यंत्रं दुरुस्त करायच्या दुकानात काउंटरमागच्या पडद्याआड ते बसत. पडद्याआडून दिवसभर दोनच आवाज येत, एक स्क्रू काढायच्या मशीनची घरघर आणि दुसरा काकांचा, "छी! थू!" नवीन गिऱ्हाईक दचके. जुनं गिऱ्हाईक मान खाली घालून मोबाइल चाळत बसे, कारण आत उघडलेली पेटी आपलीच असणार हे त्याला कळलेलं असे.

लोकांना वाटतं हे काम स्वच्छ आहे. काचेचं दार, बारीक पेचकस, डोळ्याला भिंग. कसलं स्वच्छ! गटार निदान गटारासारखं दिसतं. गेमची पेटी वरून चकचकीत, निळे दिवे लावून मिरवणारी, आणि झाकण काढलं की माणसाचं जेवण वर यावं. झुरळं तर असतातच. जिवंत, मेलेली आणि अर्धी. शिवाय त्यांच्या लेंड्या, सांडलेल्या सरबताचा पाक, पाकात रुतून बसलेल्या मुंग्या, बिस्किटाचा भुगा, कुणाकुणाचे केस. पंख्याला गुंडाळलेला धुळीचा गोळा ओढला की ओल्या उंदरासारखा अखंड हातात येई. इतकी वर्षं झाली, पण काकांना त्याची सवय झाली नव्हती. रोज तितकीच शिसारी येई.

बाजारात तीन यंत्रांची चलती होती. दुकानात कंपन्यांची नावं कुणी घेत नसे. एक काळा, एक पांढरा आणि एक हातातला, असाच हिशेब. भारी कोण, यावर काउंटरवर रोज तोंडं वाजत. काळ्याचे भक्त म्हणत, खेळ बघावेत तर आमच्याच यंत्राचे, तुम्ही आपले ते स्वप्नात खेळा. पांढऱ्यावाले म्हणत, आमच्यात जुने खेळपण चालतात, तुमच्यासारखं दर वेळी नवं विकत घ्यावं लागत नाही. हातातल्यावाले आपले भिंतीला टेकून बोटं चालवत राहत, त्यांना भांडायलाही फुरसत नसे. एकदा तर दोन साडू यावरून एकमेकांच्या कॉलरला हात घालेपर्यंत गेले. त्याच दिवशी काकांनी दोघांच्याही यंत्रांतून झुरळांची बाळंतपणं बाहेर काढली होती.

काकांचं मत ठाम होतं, आणि ते कुणी विचारलं नाही तरी ते ऐकवत. यंत्राची परीक्षा पडद्यावर करायची नसते, पोटात करायची असते. हातातल्याबद्दल ते एवढंच म्हणत, "तो संडासात जातो," आणि त्याच्यापुढे कुणाची बोलायची छाती होत नसे. काळ्यावर त्यांचा विशेष राग. बाहेरून वळणदार, देखणा, आणि आत नुसते कानेकोपरे. त्याचा विजेचा भाग कायम कोमट, म्हणजे झुरळांना आयतं माहेरच. त्यात त्याचे स्क्रू चिकटपट्टीखाली दडवलेले, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. पांढरा त्यापेक्षा साधा ठोकळा. हवा खालून आत, वरून बाहेर. झाकण नुसत्या बोटांनी निघतं, आणि धूळ लगेच डोळ्यांत खुपते.

"खुपते म्हणून माणूस पुसतो," काका म्हणत. "काळा झाकून ठेवतो. झाकून ठेवणारं यंत्र आणि झाकून ठेवणारा माणूस, दोघांच्या वाटेला जाऊ नये."

दुकानाच्या मालकीणबाई तशा कडक, पण त्यांची एक करमणूक होती. यंत्र उघडलं की साफ करायच्या आधी त्या पडद्याआड डोकावून म्हणत, "काका, घर सांगा." मग काका नाक खाली नेऊन वास घेत, चिमट्यानं दोन-चार गोष्टी उचलत, तोंड वाकडं करत आणि सांगत. घरात मांजर आहे, पिवळं. बाप खिडकीपाशी उभा राहून चोरून सिगारेट ओढतो. धाकटं पोर अंथरुणात बसून खातं, आणि खाल्लं की हात चादरीला पुसतं. बाई बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला सहज विचारत, "मांजर कसं आहे तुमचं?" आणि गिऱ्हाईक आ वासून बघत राही. काका एरवी कितीही नाकाने कांदे सोलोत, त्यांनी सांगितलेलं घर कधी चुकलं नव्हतं.

अशा या काकांच्या लेकीनं एका संध्याकाळी सांगितलं, की तिला लग्न करायचंय. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. आई गेल्यापासून घरात दोघंच. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, दवाखान्याच्या इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवताना ओळख झाली, वगैरे तिनं एका दमात सांगून टाकलं.

"पण बाबा, तुम्ही मनापासून हो म्हणालात तरच," ती म्हणाली. "रडतखडत हो म्हणणार असाल तर मी त्याला आजच नकार देते. तुमचं तोंड आयुष्यभर बघवणार नाही मला."

लेक गेली की या घरात आपल्याशी बोलणारं कुणी नाही, हे त्यांना लख्ख दिसलं आणि त्यांची भीतीनं गाळण उडाली. पण बापानं लेकीपुढे असं रडगाणं गावं, याची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. मुलात काहीतरी खोट निघालीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

लिफ्टवाला घरी आला. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस, पण नखं स्वच्छ. बूट काढून जोडीनं कडेला ठेवलेले. चहा प्यायला आणि कप स्वतः विसळून पालथा घातला. काकांचा संताप होत चालला. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं.

"गेमबिम खेळतोस का?"

"खेळतो ना काका. सुट्टीच्या दिवशी."

"कोणता?"

"काळा."

काकांचा चेहरा उजळला. "का? पांढऱ्याला काय धाड भरलीय?"

मुलगा भोळा. त्याला वाटलं, सासरेबुवा आवडीनं विचारतायत. तो खुलला. "काका, काळ्याचा कंट्रोलर हातात धरून बघा एकदा. खेळात धनुष्य ताणलं ना, की बोटाखालचं बटण खरंच जड होतं. वाळूतून चाललं की तळहाताला वाळू कळते. दिवसभर मी अंधाऱ्या खड्ड्यात लोखंडाच्या दोऱ्या तपासतो. घरी आल्यावर हाताला काहीतरी दुसरं लागावंसं वाटतं. ते दुसऱ्या कुठल्या यंत्रात नाही."

"हाताचं राहू दे. पोटात काय आहे?"

"पोटात? उघडून नाही बघितला कधी."

"बघच! हेच तुमचं काळ्यावाल्यांचं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "दुकानात घेऊन ये. मी उघडतो. ज्या घरात माझी लेक जायचीय ते घर मला आतून बघू दे. मग काय ते बोलू."

टेबल पुसता पुसता लेकीनं मान वर केली. तिचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं आणि पुन्हा मिटलं. लिफ्टवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं हळूच मान हलवली, आणि तो "आणतो" म्हणाला.

लग्नाचा निकाल गेमच्या पेटीवर ठरतोय म्हटल्यावर मालकीणबाईंनी दुपारी दुकानाचं दार लोटूनच घेतलं. पडद्याआड चौघं दाटीवाटीनं उभे राहिले. काकांनी हातमोजे चढवले, चिकटपट्टी सोलली, स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

"छी! छी! छी!"

काकांना खरोखरच उमासा आला. त्यांनी तोंड फिरवलं, पाणी प्यायलं, आणि पुन्हा वाकले. मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालाआडून म्हणाल्या, "काका, घर सांगा."

काकांना तेवढंच हवं होतं. आज त्यांच्या किळसेला आनंदाची फोडणी बसली होती. "तेल बघा. फोडणीच्या धुराचं तेल, थरावर थर. म्हणजे टीव्ही आणि चूल एकाच खोलीत, आणि खिडकी उघडायचं नाव नाही. वास येतोय का? कंबरेला चोळायचं मलम. घरात म्हातारा आहे, मलमाचे हात न धुता जिथे-तिथे लावणारा. हे त्याचे पांढरे केस. छी! आणि ही काय काडी? दात कोरलेली! कोरून टीव्हीपाशीच ठेवतो, उठून कचऱ्यात टाकायला पाय दुखतात लाटसाहेबांचे."

मग चिमट्यात काहीतरी पिवळं, कडक, चंद्रकोरीसारखं आलं. काका क्षणभर बघत राहिले आणि त्यांचं सगळं अंग शहारलं.

"नख," ते म्हणाले. "पायाच्या अंगठ्याचं." त्यामागून आणखी निघाली. काकांनी ती एकामागून एक फडक्यावर ठेवली. "टीव्हीसमोर पाय वर घेऊन नखं कापतो हा माणूस. उडालेली उचलत नाही. कुठं उडाली ते बघतही नाही. थू! कोण आहे हा? तुझा बाप?"

लिफ्टवाला लाल झाला. "काका, तो..." लेकीनं त्याची बाही धरली.

"आणि एक बाईमाणूस आहे," काका आता थांबायच्या मनःस्थितीत नव्हते. "हे बघा, बाहेरची जाळी. बोट पोचेल तिथपर्यंत लख्ख. रोज फडकं फिरवते कुणीतरी. म्हाताऱ्याला एका शब्दानं बोलत नाही, नुसती त्याच्या मागून पुसत राहते. छी! असल्या घरात माझी लेक जायची नाही. जन्मभर त्या घाणेरड्या माणसाची नखं वेचत बसेल. संपला विषय."

काकांनी चिमटा फडक्यावर टाकला.

"बाबा," लेक म्हणाली, "हा काळा आपला आहे."

काकांना अर्थ लागला नाही. तिनं शांतपणे सांगितलं. पहिल्या पगारापासून साठवलेल्या पैशांतून तिनं तो घेतला होता. काकांनी तो कधी साफ करायला उघडला नाही, उलट रोज कटकट केली, की दिवसभर हीच घाण उपसतो, घरीसुद्धा तीच कशाला. शेवटी कंटाळून तिनं विकला म्हणून सांगितलं आणि या हिवाळ्यात तो लिफ्टवाल्याला देऊन टाकला. त्याच्या घरी तो नुसता कपाटावर ठेवलेला असे, सुट्टीच्या दिवशी खाली निघे.

"उघडतो म्हणालात तेव्हाच सांगणार होते," ती म्हणाली. "मग वाटलं, ऐकावं. साऱ्या गावाची घरं सांगता. आपलं कधी सांगितलं नाहीत."

काकांचा हात आपसूक कंबरेकडे गेला. सकाळीच मलम लावलं होतं. त्यांच्या चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे कुणी पाहिलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. फडक्यावरची नखं मात्र सगळ्यांनाच दिसत होती. काकांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पेटीपासून तोंड फिरवायची सोय राहिली नव्हती.

लिफ्टवाल्याला काकांचा चेहरा बघवेना. "पण काका, एक बघा ना," तो अजिजीनं म्हणाला. "एवढं सगळं पोटात घेऊन बिचारा कालपर्यंत न कुरकुरता चालत होता. म्हणून मी म्हणतो, काळाच..."

"तू गप्प रे!" मालकीणबाई रुमालाआडून खेकसल्या.

लेक काकांच्या समोरच्या स्टुलावर बसली. "आता नीट सांगा. गिऱ्हाइकाचं असल्यासारखं सांगा. ती फडकं फिरवणारी बाई. तिनं त्या घरात राहावं का?"

काकांनी पेटीत पाहिलं. राहू दे म्हणावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. म्हातारा सुधारेल, नखं उचलेल, खिडकी उघडेल, तिला थोडं थांबायला सांगा. पण समोर तेल होतं, केस होते, ते पिवळे तुकडे होते, आणि त्या घाणीच्या कडेला हात पोचेल तिथपर्यंत लखलखणारी जाळी होती. त्या जाळीकडे बघताना त्यांना स्वतःची अशी किळस आली, की घशाशी आलेले सगळे बहाणे त्यांनी गिळून टाकले.

"राहू नये," ते म्हणाले. "निघावं तिनं. लवकर."

"मनापासून म्हणताय?" लेकीनं विचारलं.

"किळस आल्यावर माणूस मनापासूनच बोलतो," काका म्हणाले, आणि फडक्यावरचं एकेक नख उचलून आपल्याच रुमालात बांधायला लागले.