मुठीवरचं जाळं

शेडवाल्या दामूअण्णांनी मला फसवलं. पावसाळाभर माझी कॅम्पर व्हॅन, आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, त्यांच्या शेडमध्ये उभी होती. "दर रविवारी दार उघडून वारा देतो, शेठ," म्हणाले होते. आज पाहतो तर दाराच्या मुठीपासून पायरीपर्यंत कोळ्याचं अखंड जाळं, धुळीने जड झालेलं. गाडी धावून झिजते त्याहून जास्त उभी राहून कुजते, माणसाचंही तसंच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको घरात बसून आहे, दिवाळीत या गाडीतून निघायचं म्हणून दिवस काढतेय. दार उघडायला माझा हात धजत नाही.

"कोळी एका रात्रीत विणतो हो," अण्णा हसले.

"आणि धूळ? तीही एका रात्रीत बसते?" मी विचारलं. "अण्णा, हे जाळं तुमच्या हाताने तोडा. आत जे कुजलेलं निघेल, ते माझ्या बायकोला तुम्हीच येऊन सांगा."