आत्याचे गुडघे आणि न दिसणारे कावळे

बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शेवटच्या परीक्षेला पडद्यावर एक माणूस हलवून दाखवायचा होता. आत हाडांचा सांगाडा बसवायचा, वर कातडी चढवायची आणि त्याच्याकडून काहीतरी काम करून घ्यायचं. ज्याचा माणूस खरा वाटेल त्याला सर क्लासमध्येच शिकवायला ठेवणार होते. माझ्या लग्नाची बोलणी नेमकी त्या नोकरीपाशी अडलेली. आणि माझ्या माणसाचे गुडघे उलटे वाकत. हात वर केला की त्याची कंबर काखेत जायची.

शेवटी म्हटलं, खऱ्या माणसाची हालचालच उचलावी. जवळच्या मुरबे गावी माझी आत्या समुद्रकाठी बोंबील वाळत घालायची. लुगडं कासोट्याचं, गुडघे मोकळे. सांधे दिसायला याहून सोयीचा पोशाख कुठला? लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि आत्याच्या कोपरांना, गुडघ्यांना थर्माकोलचे गोळे बांधले.

"नोकरी तुला नाय, आन हाडं माजी मोजतोस?"

"तू फक्त रोजच्यासारखं काम कर गं आत्या."

"मंग काय तुज्यासारखं करू?"

घरी टीव्हीवर चित्र थांबवायचं, काचेवर बटर पेपर धरायचा, प्रत्येक गोळ्याच्या जागी ठिपका काढायचा आणि ते सगळं कॉम्प्युटरला भरवायचं. आई शेजारणीला सांगे, "शिकलेला आहे तो. टीव्हीवर रांगोळी काढतो."

परीक्षेच्या दिवशी पडद्यावरची बाई वाकली, बोंबील उचलला, हात उंचावून दोरीवर टांगला. कंबर जागेवर राहिली. मी श्वास सोडतोय तोच ती गर्रकन वळली आणि तिने हवेत हात झटकला. थोड्या वेळाने पुन्हा.

सरांनी चष्मा काढला. "हे काय?"

ठिपके काढण्याच्या नादात आत्या मधूनच काय करतेय ते मी पाहिलंच नव्हतं. पण हात झटकण्याची ती तऱ्हा ओळखीची होती.

"कावळे हाकतेय, सर."

"कुठेयत?"

"करायचे राहिले."

सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. आता ते बाईकडे नाही, पडद्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.

"सोमवारपासून ये," ते म्हणाले. "मला दिसायला लागलेत."

लग्नात आत्याने नव्या नवरीला बाजूला घेतलं. "बाय, तुजं लगीन माज्या गुडघ्यांवर लागलंय. हा इसरेल. तू नको इसरू."

बायको विसरलेली नाही. संधिवाताचं तेल आजही मुरब्याला आमच्याच घरून जातं.